ते चित्र बघायचं का?

व्हिएन्नाच्या एडुआर्ड पेर्नकॉफनं १९३३ मध्ये शरीररचनेच्या चित्रसंग्रहाचं काम हाती घेतलं आणि त्याच वर्षी तो नाझी पक्षात गेला. डोकं, मान, जबडा यांतल्या नसांची इतकी बारीक चित्रं आजही क्वचितच सापडतात. व्हिएन्ना विद्यापीठानं केलेल्या चौकशीचा अहवाल १९९८ मध्ये आला. त्यात निष्पन्न झालं, की देहदंड दिलेल्या किमान १,३७७ माणसांची प्रेतं नाझी राजवटीच्या काळात पेर्नकॉफच्या शरीररचना संस्थेत आली होती. राजवटीला विरोध केला म्हणून मारलेलेही त्यांत होते. जबड्याच्या कॅन्सरची ऑपरेशनं करणारी आत्या आणि एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला असलेला भाचा यांचं हे बोलणं.

भाचा : उद्याच्या ऑपरेशनसाठी तू हे पुस्तक उघडलंस?

आत्या : हो. ही नस बघ. कानाखालून निघते, पॅरोटिड ग्रंथीत शिरते आणि तिथं तिला फांद्या फुटतात. ही फांदी खालच्या जबड्याच्या काठानं ओठाकडे जाते. ती वाचावी म्हणून मानेवरची चीर आम्ही जबड्याच्या दोन बोटं खाली घेतो. ती तुटली तरी माणूस जगतो; पण हसला की खालचा ओठ एकाच बाजूनं हलतो. आयुष्यभर.

भाचा : आणि ही सही?

आत्या : एरिख लेपियर. सहीत नाझींचं स्वस्तिक काढायचा. पुढच्या आवृत्त्यांत ते पुसून टाकलं. मला ते पुसणंच जास्त लागतं.

भाचा : तरी बघतेस.

आत्या : न्यूयॉर्कचे हॉवर्ड इस्रायल माझ्यासारखेच जबड्याचे सर्जन. तेही वर्षानुवर्षं हाच संग्रह वापरत होते. इतिहास कळला तेव्हा चौकशीची मागणी लावून धरणाऱ्यांत ते पुढे होते. २०१७ मध्ये रब्बी जोसेफ पोलॅक यांनी ज्यू धर्मशास्त्राच्या आधारे मत दिलं. लहानपणी ते स्वतः छळछावणीतून वाचलेले. जीव वाचत असेल तर चित्रं वापरा, पण ती कुठून आली हे सांगून वापरा, असं ते म्हणाले.

भाचा : ज्यांचं शिर उडवलं त्यांना कुणी विचारलं?

आत्या : त्यांच्या वतीनं कुणालाच बोलता येत नाही. पण पुस्तक जाळून त्यांना काय मिळेल? नुकसान उद्याच्या पेशंटचं होईल.

भाचा : आमच्या डिसेक्शनच्या टेबलावर सध्या चेहरा चालू आहे. गालाची कातडी मी सोडवली. दाढीचे खुंट होते त्याला. बेवारस म्हणून आलाय. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी देहदानाचा फॉर्म भरला होता. यानं कधी हो म्हटलं?

आत्या : आपल्याकडे कायद्यानं परवानगी आहे, १९४९ पासून. आणि त्याला कुणी मारलेलं नाही रे. हा फरक लहान नाही.

भाचा : नाही. पण विचारलं दोघांनाही नाही. याचं कुणी न्यायला आलं नाही, एवढ्यावर तो आमचा झाला.

आत्या : हे मला खोडता येत नाही. देहदान पुरेसं झालं, तर असे देह घेणं थांबवावं, असंच मला वाटतं.

भाचा : उद्याच्या पेशंटला या चित्राचं सांगणार?

आत्या : जबडा जाणार म्हणून तो आधीच हादरलाय. बरा झाला की सांगेन.

भाचा : तेव्हा ते नुसतं कळवणं होईल. नको म्हणायची सोय त्याला कुठे राहिली?

आत्या : ...मग आज संध्याकाळीच सांगते. त्याच्या बायकोसमोर, दोन वाक्यांत. नको म्हणाला तर पुस्तक मिटते.

भाचा : आणि मग नस तुटली तर?

आत्या : तर ती माझ्या हातानं तुटली. त्याच्या नकारावर मी ते ढकलायचं नाही. म्हणून, तो हो म्हणो की नको, आज रात्री डिसेक्शन हॉलमध्ये जाऊन हीच फांदी पुन्हा सोडवून बघणार आहे. आजोबांच्या टेबलावर. तूही चल.