आठ हजार मीटरवरचा शेजारी

आमच्या धर्मग्रामातील युवकांच्या मेळाव्यात दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यावर बोलून मी खाली बसलो, तोच एका गिर्यारोहणवेड्या तरुणाने विचारले, "फादर, यरीहोचा रस्ता निदान उताराचा तरी होता. एव्हरेस्टवर असता, तर तो शोमरोनी थांबला असता का?" सभागृहात हशा पिकला. मला मात्र हसता आले नाही. त्या प्रश्नामागची घटना मला ठाऊक होती.

मे २००६ मध्ये डेव्हिड शार्प हा चौतीस वर्षांचा इंग्रज अभियंता तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर गेला. सोबत ना शेर्पा, ना रेडिओ. प्राणवायूची नळकांडीही अगदी मोजकी. सुमारे ८,५०० मीटर उंचीवर एका कपारीत तो बसला, तो पुन्हा उठलाच नाही. त्याच कपारीत एक जुने गोठलेले शव होते. १९९६ च्या वादळात इंडो-तिबेट सीमा पोलीस दलाचे जे तीन जवान गेले, त्यांपैकी एकाचे ते असावे, असे मानले जाते. शार्पच्या जवळून चाळीसच्या आसपास माणसे गेली. कित्येकांना तो दिसला नाही, काहींना तो मेलेलाच वाटला. काहींनी उतरताना त्याला प्राणवायू दिला, उभे करण्याची धडपड केली आणि अखेर ते निघून गेले. वृद्ध एडमंड हिलरी यांनी त्या वेळी जाहीरपणे संताप व्यक्त केला. शिखरापेक्षा माणसाचा जीव मोठा, हे त्यांना सांगावे लागले!

पंख्याखाली बसून त्या चाळीस जणांचा न्याय करणे सोपे आहे. परंतु तेथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच असतो. तेथे शरीर सावरत नाही, केवळ झिजत राहते. फुप्फुसांत पाणी भरते, मेंदूला सूज येते, आणि मेंदूच सुजला तर चांगले-वाईट पारखायचे कोणी? विवेकबुद्धीलाही प्राणवायू लागतो. उभे राहू न शकणाऱ्या मनुष्याला तेथून खाली आणणे दहा-बारा धडधाकट माणसांनाही जड जाते. अशक्य गोष्टीचे बंधन कोणावरही नसते, असे आम्हांला सेमिनरीत नीतिशास्त्राच्या वर्गात शिकवले होते. त्या न्यायाने पाहिले तर त्यांपैकी बरेच जण निर्दोष ठरतील.

पण त्याच वर्गात आणखी एक तत्त्व शिकवले जाई. एखादे कृत्य त्या क्षणी माणसाच्या हातात नसले, तरी त्याचे कारण पूर्वी त्याने स्वखुशीने निवडलेले असू शकते. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला अपघाताच्या क्षणी ब्रेक दाबणे जमले नाही, हे खरे; परंतु पेला त्याने शुद्धीवर असताना उचलला होता. माझ्या मते प्रश्नाची खरी गाठ येथे आहे. जो आपल्या चढाईपुरताच, मोजून प्राणवायू घेऊन निघतो, त्याने वाटेत कोणासाठीही थांबायचे नाही हे तळछावणीतच ठरवलेले असते, मग ते त्याच्या ध्यानात येवो अथवा न येवो. दाखल्यातील शोमरोन्याजवळ तेल, द्राक्षारस आणि दोन दीनार होते. त्याच्या करुणेविषयी आम्ही धर्मगुरू पुष्कळ बोलतो. त्याच्या शिदोरीविषयी मी तरी कधी प्रवचन केल्याचे स्मरत नाही.

शार्प गेल्यानंतर दहा-अकरा दिवसांनी त्याच डोंगराने दुसरे दृश्य पाहिले. लिंकन हॉल या ऑस्ट्रेलियन गिर्यारोहकाला शिखरावरून उतरवण्यासाठी त्याचे शेर्पा तासन्‌तास झटले. शेवटी तो गेला असे समजून, वरिष्ठांच्या आज्ञेवरून ते त्याला सोडून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी डॅनियल मेझर, त्याचे दोन सोबती आणि जांगबू शेर्पा यांना तो कड्यालगत जिवंत बसलेला आढळला. हवा उत्तम होती आणि शिखर दोनेक तासांवर. त्यांनी त्याला चहा व प्राणवायू दिला, खालून मदत येईपर्यंत कित्येक तास ते त्याच्यापाशी थांबले, आणि शिखर सोडून परतले. दरम्यान दोघे जण बाजूने वर निघून गेले. हॉल चालू शकत होता, शार्प चालू शकत नव्हता, हा भेद नाकारता येणार नाही. तथापि मेझरच्या मंडळींजवळ देण्यासारखे काही शिल्लक होते, हेही तितकेच खरे.

आणखी एक गोष्ट मला सलते. "थांबायला हवे होते" असे आपण म्हणतो, तेव्हा पाठीवर ओझे घेणारा बहुधा शेर्पाच असतो. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात हिमकडा कोसळून सोळा नेपाळी कामगार ठार झाले. ते इतरांच्या चढाईसाठी सामान वाहत होते व वाट तयार करत होते. दुसऱ्याच्या खांद्यावर आपली करुणा लादणे, हे कोणत्या सद्गुणात बसते?

मे २०२३ मध्ये गेलजे शेर्पा एका चिनी ग्राहकाला शिखराकडे नेत होता. वाटेत दोराला धरून कुडकुडणारा एक मलेशियन गिर्यारोहक त्याला दिसला. गेलजेने ग्राहकाला शिखर सोडण्याची गळ घातली. ग्राहकाने ते मानले. मग त्या आजारी माणसाला चटईत गुंडाळून, दुसऱ्या एका शेर्पाच्या मदतीने, सुमारे सहा तास गेलजेने त्याला पाठीवर वाहून व बर्फावरून ओढून खाली आणले.

हे सारे मी त्या तरुणाला नंतर सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "फादर, प्राणवायूच्या एका नळकांड्याचे वजन किती असते?"

साडेतीन-चार किलो असते, असे वाचल्याचे मी त्याला सांगितले.