भिवपुरीची वीज, मुंबईची झोप

कर्जतच्या फार्महाउसांवर हल्ली हिरवळ आणि स्विमिंग पूल यांच्या जोडीला झोपही विकायला आली आहे. मोबाइल जमा करा, अंधार पडला की दिवे मालवा आणि डोंगरावरच्या आदिवासींसारखी 'नैसर्गिक' आठ तासांची झोप घ्या, असा एकंदर मामला. शनिवार-रविवार कुणी अंधार भाड्याने घेतला तर माझी हरकत नाही. त्यासोबत सांगितला जाणारा इतिहास मात्र चुकीचा आहे, आणि तो कुणाच्या तरी सोयीचा आहे.

चरकाने निद्रेला शरीराचा उपस्तंभ मानलं, पतंजलीने तिला चित्तवृत्तींत बसवलं. १९५३ मध्ये अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी बंद पापण्यांआड बुबुळं भिरभिरण्याचा टप्पा नोंदवला. १९८२ मध्ये बोर्बेलीने जागेपणी साठत जाणारी झोपेची ओढ आणि शरीरातलं घड्याळ अशी दुहेरी मांडणी केली. इथवर भांडण नाही.

भांडण दिव्यावरून आहे. विजेचा दिवा आला आणि पूर्वजांची लांबलचक झोप मोडली, असं सगळेच सांगतात. दाखला म्हणून थॉमस वेअरचा १९९२ चा प्रयोग पुढे करतात: रोज चौदा तास अंधारात ठेवलेल्या माणसांची झोप दोन तुकड्यांत विभागली. पण कर्जत १९ अंश उत्तरेला आहे. इथली डिसेंबरातली सर्वांत मोठी रात्र जेमतेम तेरा तासांची. वेअरची रात्र आपल्याकडे कधी झालीच नाही! २०१५ मध्ये जेरोम सीगल आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतले हाद्झा व सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने यांची झोप मोजली. घरात वीज नाही, तरी सूर्यास्तानंतर सरासरी तीन तासांहून अधिक जागरण आणि झोप ५.७ ते ७.१ तास. डोंगरावरच्या आदिवासी ठाकरवाड्यांच्या नावावर आठ तास खपवणाऱ्यांनी हे आकडे वाचावेत.

मग आठ आले कुठून? रॉबर्ट ओवेनने १८१७ मध्ये दिवसाचे तीन वाटे केले: आठ तास काम, आठ मौज, आठ विश्रांती. त्यासाठी कुणाची झोप मोजलेली नव्हती; ती मालकापुढे ठेवलेली मागणी होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला तोही याच जातीच्या भांडणातून. तेव्हा गिरणीचा दिवस उजेडाबरोबर संपे. विजेचे दिवे लागले तसा १९०५ च्या सुमारास तो चौदा-पंधरा तासांवर गेला. पुरुष कामगारांना बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने मिळाली. पुढे १९१५ मध्ये खोपोलीला आणि १९२२ मध्ये भिवपुरीला घाटावरचं पाणी खाली सोडून वीज निघाली आणि मुंबईच्या गिरण्या तिच्यावर फिरू लागल्या. दिवा निमित्त होता. बटण कुणाच्या हातात, हा खरा प्रश्न. तो टाळला की झोप ही ज्याची त्याची शिस्त ठरते आणि पॅकेज विकता येतं.

रसायनी-खोपोलीच्या पट्ट्यात तिसरी पाळी करणाऱ्याला, किंवा जाताना दोन आणि येताना दोन तास कर्जत लोकलमध्ये घालवणाऱ्याला ही शिस्त कोण शिकवणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला २००७ मध्ये संभाव्य कर्ककारक ठरवलं आणि २०१९ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती घेऊन, अर्थात.