मुलांशी बोलायला कोण आहे?

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात बैहर, बिरसा, परसवाडा या भागांत गाव म्हणजे एक सलग वस्ती नसते. विखुरलेले टोले असतात, मधे जंगल आणि नाले. मार्च उजाडला की बैगा आणि गोंड आदिवासी घरांतल्या बाया पहाटेच मोहफुलं वेचायला निघतात. मग तेंदूपत्ता, आणि पाऊस पडला की धानाची रोवणी. त्या वेळी घरातलं तीन वर्षांचं पोर कोणाच्या हाती असतं? बरेचदा आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या. तिची शाळा बुडते आणि धाकट्याचं शिकणं सुरूच होत नाही. सरकारदरबारी ही मुलगी शिक्षण खात्याची आणि तिचा भाऊ महिला व बालविकास खात्याचा. दोघांचा पैसा वेगळ्या वाटेने येतो आणि दोघांचा प्रश्न एकच आहे हे कोणाच्याच कागदावर येत नाही.

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. तो आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी फार पूर्वी ओळखला होता. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्त्यांतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायका बालवाडी घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकमेकींना जोडून उभ्या राहिल्या. धाकटं भावंड पाळणाघरात सांभाळलं गेलं, म्हणून वारली मुलगी वर्गात बसू शकली. या कामाला खर्च कमी लागे, कारण साधनं शंखशिंपले, बिया, पानं, माती यांची होती. पण शिकवणारी बाई मात्र मेहनतीने घडवलेली असे. बालशिक्षिकांचं प्रशिक्षण हा ताराबाईंच्या कामाचा कणा होता. सरकारने पुढे अंगणवाडी हे नाव घेतलं, कमी खर्चही घेतला. शिक्षिका घडवण्याचा भाग मागे राहिला, आणि मला वाटतं, गेली पन्नास वर्षं आपण त्याचीच किंमत मोजतो आहोत.

2 ऑक्टोबर 1975 ला 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्यात सहा सेवा होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, आहार-आरोग्याचं शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2006 च्या आदेशाने देशभर तिच्या 14 लाख केंद्रांचं, म्हणजे अंगणवाड्यांचं, उद्दिष्ट ठरलं. हा पसारा लहान नाही आणि त्याने असंख्य मुलांना जगवलं आहे. पण सहाही सेवांचा भार एका सेविकेवर आणि तिच्या मदतनिसावर आहे. वजनं घेणं, गरोदर बायांच्या गृहभेटी, शिधावाटप, पोषण ट्रॅकर ॲपवरच्या नोंदी, कितीतरी ठिकाणी मतदारयाद्यांचं कामही. यातल्या प्रत्येक गोष्टीचा जाब विचारणारा वरिष्ठ असतो. आज मुलांशी किती वेळ बोललात, हे मात्र कोणी विचारत नाही. मग दिवसातून नेमकी तीच गोष्ट गळते. दोष सेविकेचा नाही. तिच्या जागी कोणीही असतं तरी हेच झालं असतं.

कायद्यानेही या वयाला दुय्यम ठेवलं आहे. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने 6 ते 14 वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अनुच्छेद 45 मध्ये राज्याने प्रयत्न करावा, एवढंच म्हटलं.

आता पैसा कुठे जातो ते पाहू. शाळापूर्व शिक्षणाच्या साहित्यासाठी एका अंगणवाडीला वर्षाला 5,000 रुपयांची तरतूद असते. मुलं पंचवीस धरली तर एका मुलामागे वर्षाला 200 रुपये. सेविकेचं मानधन केंद्राने ऑक्टोबर 2018 पासून 4,500 रुपये ठरवलं, आणि तेही केंद्र-राज्याने वाटून द्यायचं. मध्य प्रदेशने 2023 मध्ये स्वतःची भर घालून ते 13,000 पर्यंत नेलं, हे चांगलंच केलं. मे 2022 मध्ये तिथले तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान स्वतः हातगाडी ढकलत भोपाळच्या रस्त्यावर अंगणवाड्यांसाठी खेळणी गोळा करायला निघाले होते. लोकांनी सढळ हाताने दिलं. बैगांसारख्या अतिमागास जमातींसाठी नोव्हेंबर 2023 मध्ये प्रधानमंत्री जनमन योजना आली, तिच्यात अंगणवाडीच्या इमारतीला 12 लाख रुपये धरले आहेत. ज्या टोल्यात आजवर पक्कं छप्पर नव्हतं तिथे ही खोली हवीच.

तरीही एक हिशेब मांडतो. बारा लाखांत 13,000 रुपयांप्रमाणे एका बाईचं साडेसात वर्षांहून जास्त मानधन निघतं. इमारतीचा पैसा मंजूर होतो, कारण ती बांधून संपते, तिचा फोटो निघतो. माणसाचा पैसा दरवर्षी द्यावा लागतो, म्हणून वित्त खातं दचकतं.

अंगणवाडीत फक्त मुलांना शिकवायला जास्तीचं माणूस दिलं तर फरक पडतो का, हे तमिळनाडूत तपासून झालं आहे. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 640 अंगणवाड्यांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकून निवडावं तसं त्यांतल्या निम्म्या केंद्रांत अर्धवेळ शिकवणारी एक जास्तीची बाई नेमली. दीड वर्षाने पाहिलं तर शाळापूर्व शिक्षणाचा वेळ दुप्पट झाला होता, भाषा आणि गणितात मुलं पुढे गेली होती. आणखी एक गोष्ट झाली, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते: मुलांची वाढ खुंटण्याचं प्रमाणही कमी झालं. शिकवायला कोणी आल्यावर मूळ सेविकेला आहार-आरोग्याकडे लक्ष द्यायला उसंत मिळाली. पोषण आधी की शिक्षण आधी हा वाद घालणाऱ्यांनी हा निष्कर्ष नीट वाचावा.

बालाघाटमध्ये ही बाई त्याच टोल्यातली हवी. लांजी-किरणापूरकडे घरात पोवारी किंवा मराठी, वरच्या भागात गोंडी, बैगांची बोली निराळी, आणि अंगणवाडीत पाठ करायची कविता हिंदीत. तीन वर्षांच्या मुलाला आपल्या बोलीत प्रश्न विचारणारं कोणी भेटलं नाही तर ते गप्प बसायला शिकतं. नव्या शिक्षण धोरणाने सेविकांसाठी बारावी झालेल्यांना सहा महिन्यांचा आणि कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला आहे. टोल्यातल्या दहावी झालेल्या सुनेला तो देता येईल. रोवणीच्या आणि मोहाच्या दिवसांत केंद्र संध्याकाळपर्यंत उघडं ठेवता येईल. पाळणा योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडायची सोय आहेच. म्हणजे कोसबाडला जे होतं त्याच्या जवळ आपण बालाघाटमध्येही पोहोचू.

पैसा कुठून, हा प्रश्न बालाघाटपुरता तरी अवघड नाही. मलाजखंडचं तांबं आणि भरवेलीचं मँगनीज याच जिल्ह्याच्या जमिनीतून निघतं. 2015 पासून खाणकंपन्यांना रॉयल्टीबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसे भरावे लागतात. त्यातला आधी किमान 60 टक्के निधी, आणि 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार किमान 70 टक्के, पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला-बालकल्याण अशा अग्रक्रमाच्या कामांवर खर्च करायचा असतो. शेजारच्या छत्तीसगडमधल्या खाणजिल्ह्यांनी यातून शिक्षकांची मानधनं दिलेली आहेत. बालाघाटने आधी खाणींच्या आजूबाजूचे आणि बैगांचे टोले घ्यावेत आणि प्रत्येक अंगणवाडीत फक्त मुलांसाठी एक बाई पाच वर्षांकरता नेमावी. पूर्ण 13,000 दिले तरी वर्षाचा खर्च एका केंद्रामागे 1 लाख 56 हजार होतो, पंचवीस मुलांत महिन्याला मुलामागे 520 रुपये. खाणनिधी कायमचा पुरणार नाही, म्हणून सहाव्या वर्षापासून हे पद राज्याच्या अर्थसंकल्पात घेण्याचा ठराव नेमणुकीआधीच व्हायला हवा. तो लेखी नसेल तर निधी आटल्यावर त्या बाईला घरी पाठवलं जाईल आणि टोल्यातली आठ वर्षांची मुलगी पुन्हा भावाला कडेवर घेऊन शाळेबाहेर थांबेल.