गळ टाकून बसताना

उन्हाळ्यात देऊळगाव राजाजवळच्या खडकपूर्णा धरणाचं पाणी खाली उतरतं. या जलाशयाला संत चोखामेळ्यांचं नाव आहे, संत चोखासागर. भल्या पहाटे मित्र गळ टाकून काठावर बसतात. काश्मीरच्या ट्राउट माशाला थंडगार पाणी लागतं. आपल्याकडे रोहू, कटला, मरळ. मासा वेगळा, धीर तोच. घाई केली, की दोरी रिकामी येते. पण शेजारी मित्र असला, की रिकामी दोरीही खुपत नाही. रोहू-कटला पावसाळ्याच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. लहान माशानं अजून अंडी घातलेली नसतात. म्हणून तो गळाला लागला, तर हात ओला करून त्याला अलगद सोडवा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा चिकट, राखणारा थर निघतो. मासा पाण्याला परत द्या.