आज पालकांची हजेरी

“बाई, पोरं ऐकतच नाहीत,” हे वाक्य आज या सभेत कोणीही उच्चारायचं नाही. दर मार्चमध्ये ते मी ऐकते आणि दर वेळी बोलणाऱ्याच्या हातात थंड पेयाची बाटली असते. पोरं ऐकत नसतील, पण बघतात मात्र नीट. तुम्ही जे करता तेच ती करतात. म्हणून आज मुलांची तक्रार नाही, आज तुमची हजेरी आहे. मागच्या बाकावरचे भाऊ, मोबाइल खिशात जाऊ द्या. दाराशी उभ्या असलेल्या ताई, आत या, पुढे जागा आहे.

ऋतू बदलतोय. पंचांगात वसंत लागतो, पळस फुलतो, झाडाला कैऱ्या धरतात, सगळं खरं. पण आपण विदर्भात राहतो. देशात सर्वांत जास्त तापणाऱ्या ठिकाणांची नावं निघाली की अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी त्यात असतातच. सपाट प्रदेशात पारा ४० अंशांना टेकला की हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार करायला लागतं. आपल्याकडे तो आकडा चैत्रातच दारात उभा राहतो. या दिवसांत घर सांभाळायला लागतं ते फार थोडं : पाणी, झोप, ताजं अन्न, स्वच्छता आणि वेळेचं भान. पाचही गोष्टी फुकट, नाहीतर फुकटासारख्या. म्हणूनच तुम्हाला त्यांची किंमत नाही. तुम्हाला पुडीतून आलेलं काहीतरी हवं असतं, किंवा वर्षातून एकदा उरकून टाकता येणारं.

पाडव्याचंच घ्या. कडुलिंबाचा कोवळा पाला, गूळ, चिंच, जिरं, ओवा, मीठ एकत्र वाटून सगळ्यांनी खायचं, ही रीत. तुमच्याकडे काय होतं? लेकराच्या जिभेवर एक पान टेकवायचं, फोटो काढायचा आणि ‘आपली परंपरा किती शास्त्रीय’ म्हणून घरच्या ग्रुपवर टाकायचा. लेकरू ते पान मोरीत थुंकतं आणि गळ्यातली साखरेची गाठी दुपारपर्यंत फस्त करतं. मग श्रीखंड-पुरी. मग पंख्याखाली तीन तास आडवं व्हायचं. परंपरेचं नाव घेता, तर ती वाचा तरी. वाग्भटांनी ‘अष्टांगहृदया’त वसंतातलं वागणं सांगून ठेवलंय. थंडीत साठलेला कफ उन्हानं पातळ होतो, भूक मंदावते. म्हणून या दिवसांत जड, थंड, स्निग्ध, आंबट, गोड आणि दुपारची झोप ही सहा टाळा आणि व्यायाम करा, असं त्यांचं सांगणं. आता श्रीखंडाची वाटी डोळ्यांसमोर आणा आणि बोटं मोजा. जड आहे, थंड आहे, स्निग्ध आहे, आंबट आहे, गोड आहे. सहावी झोप तुम्ही पदरची घातलीत. सहापैकी सहा! सणाला श्रीखंड खाऊ नका असं मी म्हणत नाही. वाटीभर खा, आनंदानं खा. पण ते खाऊन आयुर्वेदाचे गोडवे गाऊ नका, आणि एका पानाच्या पुण्याईवर वर्ष काढू नका.

आता पाणी. मधल्या सुट्टीत मी वर्गात फिरते आणि पोरांच्या बाटल्या उचलून बघते. निम्म्या बाटल्या घरून आल्या तशा गच्च भरलेल्या. घरी गेल्यावर तुम्ही विचारता, “डबा संपवलास का?” बाटलीचं कोणी विचारत नाही. मुलींच्या बाटल्या तर हलतच नाहीत. त्याचं कारण मी शेवटी सांगणार आहे, तोवर मनाची तयारी ठेवा. खेळात रमलेल्या सहा-सात वर्षांच्या पोराला तहानेची शुद्ध नसते, मोठ्यांनीच आठवण करायची असते. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. एवढं सोपं माप आहे, त्याला कुठलं यंत्र लागत नाही.

घरी माठ असेलच. तो रोज रिकामा करून आतून धुवायचा, झाकायचा आणि लांब दांड्याच्या पळीनं पाणी काढायचं. तुमच्याकडे येणारा-जाणारा पेल्यासकट बोटं माठात बुडवतो आणि पोट बिघडलं की खापर उसाच्या रसावर. लग्नातल्या थंड पाण्याच्या जारचंही तेच. गार पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे, हे पाटीवर शंभर वेळा लिहायला लावलं पाहिजे तुम्हाला. आणि बर्फ? खाण्यासाठी नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालायचा, असा नियम २०१८ पासून आहे. रसवंतीवर किंवा गोळेवाल्याकडे लादी गोणपाटात गुंडाळून रस्त्यावर ठेवलीय की स्वच्छ पेटीत, हे किती जणांनी वाकून पाहिलंय? हात वर करा. बघा, एकही नाही. भाव मात्र दोनदा विचारता.

पाहुणे आले की लेकराला दुकानात पिटाळून मोठी बाटली आणवता. अडीचशे मिली गोड शीतपेयात पंचवीस ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. वरून घातलेली साखर मोठ्या माणसानंही शक्यतो दिवसाकाठी इतक्यातच भागवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुम्ही ती तिसरीतल्या पोराला एका दमात पाजता आणि मग म्हणता, जेवत नाही हो. कसं जेवेल? ताक आहे, लिंबाचं सरबत आहे, कैरीचं पन्हं आहे. पन्ह्यातही गूळ असतो, तेव्हा पेलाभर, तांब्याभर नाही. ज्वारीची आंबील आहे. पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी पाण्यात शिजवायचं, वरून लसूण, जिरं, मीठ. आजी, तुम्हाला येते ना? सुनेला शिकवा. सुनेलाच कशाला, मुलाला शिकवा. त्यालाही दोन हात आहेत.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या की तुमची आणखी एक तऱ्हा. ओआरएसची पुडी आणता आणि चिमूट-चिमूट पेल्यात टाकून पाजता. पुडीवर छापलेलं वाचायला पैसे पडतात का? एक लिटरची पुडी असेल तर पूर्ण पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात. वर साखर घालायची नाही, उकळायचं नाही, उरलेलं चोवीस तासांनी फेकायचं. मीठ-साखर-पाण्याचं प्रमाण हाच त्यातला सगळा गुण आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी ड्रममध्ये कालवून लोकांना तोंडावाटे पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. पाजत कोण होतं? बहुतेक ठिकाणी रुग्णांचे नातेवाईकच. छावणीच्या चिखलात त्यांना जे जमलं, ते तुम्हाला ओट्याशी उभं राहून जमत नाही? पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं, मोजून. अंदाजे नाही.

उन्हाचं बोलू. दुपारी बारा ते चार पोरांनी मैदानात असायचं नाही. खिशात कांदा ठेवायचा तर खुशाल ठेवा, माझी हरकत नाही. पण कांदा खिशात, डोकं उघडं आणि पोट कोरडं, असं नको. कोणी उन्हात बरळायला लागलं, झोकांड्या खायला लागलं, अंग तव्यासारखं तापलं, तर ‘ऊन लागलंय, झोपू द्या’ म्हणायचं नाही. सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी मारून वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. एवढं तोंडपाठ पाहिजे.

झोपेचा विषय काढला की सगळे खाली बघता. शाळा सकाळी सातची, म्हणजे पोर सहाला उठणार. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. हिशेब तुम्हीच करा : नऊच्या आत दिवा मालवला पाहिजे. आणि आयपीएलचा रात्रीचा सामना सुरूच होतो साडेसातला, संपतो अकरा वाजून गेल्यावर. बाबा सोफ्यावर, शेजारी चौथीतला मुलगा, मांडीवर चिप्सचं पाकीट. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा माझ्या तासाला बाकावर डोकं टेकतो आणि तुम्ही मला विचारता, “याचं लक्ष का लागत नाही?” भाऊ, धावफलक सकाळीही वाचता येतो.

आता कांजिण्या. या दिवसांत त्या येतात, दरवर्षी येतात. तुम्ही त्याला ‘देवी आली’ म्हणता आणि गप्प बसता. देवीच्या रोगापासून देश मुक्त झाल्याचं १९७७ मध्येच जाहीर झालं, तेव्हा तो शब्द तरी सोडा. कांजिण्या विषाणूनं होतात. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत त्या दुसऱ्याला लागतात. आणि तुम्ही काय करता? पेपर बुडू नये म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवून पोराला शाळेत पाठवता. दुसरीच्या वर्गाच्या मॅडम गरोदर आहेत. गरोदरपणात कांजिण्या आईला आणि बाळाला दोघांनाही धोक्याच्या असतात. तुमच्या पोराच्या एका पेपरापायी त्यांनी काय काय पणाला लावायचं? पेपर मी पुन्हा घेईन. शाळेत कळवा, डॉक्टरांना दाखवा, नखं कापा, कोमट पाण्यानं अंघोळ घाला. ताप आहे म्हणून डब्यातली ॲस्पिरिन मनानं द्यायची नाही, मुलांच्या यकृताला आणि मेंदूला त्यातून गंभीर इजा होऊ शकते. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायचा तर ठेवा, पण डॉक्टरांऐवजी नाही.

आणि कूलर. माळ्यावरून काढलात, धूळ झटकली, गेल्या वर्षीच्याच ताट्या, नळी लावली, झालं. मग जूनपर्यंत टाकीत वाकून बघायचं नाव नाही. डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण उपसायची आणि कडा ब्रशनं घासायच्या. अंडी कडेला चिकटतात आणि टाकी सुकली तरी महिनोन्‌महिने तग धरतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. पिंपाचं, छतावरच्या टाकीचं झाकण, कुंडीखालची ताटली, सगळं त्याच दिवशी. पंधरा मिनिटांचं काम आहे. पंधरा मिनिटं नाहीत म्हणणाऱ्यानं रोज किती रील बघितले ते आधी सांगावं.

पाहिलंत ना, यातलं एकही काम अवघड नाही. कंटाळवाणं आहे, रोजचं आहे, आणि कोणी टाळ्या वाजवत नाही. म्हणून ते तुम्ही घरातल्या एकट्या बाईवर ढकलता आणि स्वतः बाजारातून ‘प्रतिकारशक्तीचं’ चूर्ण आणून कर्तव्य केल्यासारखं मिरवता. चूर्णाचा डबा परत करा. माठ धुवा.

राहिली मुलींची बाटली. मुली पाणी का पीत नाहीत? कारण पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि आपल्या शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही. दोनपैकी एका नळाला पाणी नाही. पोरी सकाळी सातपासून साडेअकरापर्यंत दाबून बसतात. डोकं दुखतं, चक्कर येते, लघवीला जळजळ होते, जंतुसंसर्ग होतो. हे त्यांनी मला सांगितलं. तुम्हाला सांगितलं नसेल, तर तुम्ही विचारलं नसेल.

ही शाळेची जबाबदारी आहे, म्हणाल. बरोबर. पण शाळा म्हणजे कोण? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला. म्हणजे तुम्हीच. मागच्या बैठकीत तुम्ही ठराव काय केलात? फाटकावरच्या कमानीला रंग. सह्या सगळ्यांच्या आहेत, वही माझ्यासमोर आहे. कडीचा खर्च कमानीच्या एका डब्याइतकाही नव्हता.

टाळ्या नकोत. बाकीच्यांनी घरी जाऊन आजच कूलरची टाकी उपसा, उद्या पोरांना विचारून मी खातरजमा करणार आहे. समितीचे सदस्य मात्र बसून राहा. सुताराला अकराला बोलावलंय, नळवालाही येतोय, झाडू आणि बादल्या व्हरांड्यात ठेवल्या आहेत. कडी बसून नळाला पाणी येईपर्यंत कोणी घरी जायचं नाही. अध्यक्ष भाऊ, तुम्ही आधी उठा.