विसाव्याचा वाटा

बीड जिल्ह्यात माणसाचे कौतुक करताना दोन गोष्टी हमखास सांगतात. त्याचे नाव किती झाले, आणि त्याने आयुष्यात कधी पाठ कशी टेकली नाही. नाव आणि राबणे ही दोन्ही आमच्या लेखी पुण्याईची कामे. विसाव्याला मात्र त्या यादीत जागा नाही. दुपारी घटकाभर आडवी झालेली बाई दारात पाहुणा दिसला की ओशाळून उठून बसते. मीही बरीच वर्षे असेच मानत आलो की विश्रांती घेणे न घेणे हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग असतो. पण शिक्षक म्हणून या जिल्ह्यातली गावे, घरे आणि ऊसतोडीच्या हंगामात दिवाळीनंतर ओस पडणारे वर्ग पाहता पाहता विचार पुढे सरकत गेला. आज माझे मत असे आहे की विसावा हा वाटपाचा प्रश्न आहे. कालव्याचे पाणी वरच्या शेताला मिळते आणि टेलच्या गावापर्यंत पोचत नाही, तसेच त्याचे होते.

हा विचार सुरू झाला तो नावापासून. आमच्या अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' हा ग्रंथ शके 1110 चा, म्हणजे इसवी सन 1188 चा मानला जातो. मुकुंदराजांच्या काळाविषयी आणि स्थळाविषयी अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. त्याच गावात दासोपंत (1551–1615) राहिले. त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. त्यांनी 'पंचीकरण' लिहिले ते पासोडीवर, म्हणजे अंगावर पांघरायच्या जाड कापडावर. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद अशी ती पासोडी. कापड जीर्ण झाले, पण एवढ्या लांबीवर ओळीखाली ओळ लिहीत जाणाऱ्या हाताला किती सवड लागली असेल, हे कुणालाही कळते. एकनाथांच्या या समकालीनाचे नाव एकनाथांइतके घरोघरी गेले नाही. म्हणून त्यांच्या लेखनाचे काही उणे झाले नाही. काम आधी, नाव मागून आले तर आले, अशी ती रीत होती.

आता आमच्या चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात आणि आठवडाभरात त्यांच्यावर दुसरे चढतात. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एक जण म्हणाला, "सर, चार दिवस रील टाकली नाही की लोक विसरतात." तो रात्री एकपर्यंत मोबाईल घेऊन बसतो, सकाळी डोळे तांबारलेले असतात. पूर्वी नाव हे कामाचे फळ होते. आता ती रोजची हजेरी झाली आहे, आणि जिथे रोज हजेरी लावावी लागते तिथे विसाव्याला जागा उरत नाही. या मुलांची मला मनापासून काळजी वाटते. त्यांना काम नाही म्हणून ती नावामागे धावतात, आणि धावून थकली तरी थांबायला घाबरतात.

खरे धावणे कसे असते ते आमच्याच जिल्ह्याने दाखवले आहे. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. आईवडील वीटभट्टीवर राबले. मुलगा मैलोगणती चालत-पळत शाळेला गेला आणि पुढे सैन्यात भरती झाला. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक मिळवले. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले, आणि 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठली. जुलै 2025 मध्ये मोनाकोच्या शर्यतीत तो पडला, गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. त्या गुडघ्यासाठी शस्त्रक्रिया आली, तज्ज्ञ आले, महिनोन्‌महिन्यांची विश्रांती आली. ते सगळे योग्यच होते. खेळाडूच्या बाबतीत विश्रांती हा सरावाचाच भाग असतो, हे साऱ्या जगाला मान्य आहे.

त्या बातम्या वाचताना मला त्याच तालुक्यातले दुसरे गुडघे आठवत होते. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढणाऱ्या बायकांचे गुडघे. तेही शरीरच आहे, तीच हाडे, तीच कूर्चा. त्यांच्या वाट्याला वेदनाशामक गोळी येते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उसाचा फड. नाव झालेल्या गुडघ्याला विसावा मिळतो आणि नाव नसलेल्याला मिळत नाही, हे उमगले तेव्हा प्रसिद्धी, आरोग्य आणि विश्रांती हे तीन वेगळे विषय राहिले नाहीत.

फडावरचा दिवस जवळून पाहिला पाहिजे. पहाटे तीन-चारला कोपीसमोर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीसमोर, चूल पेटते. बाई दिवसभराच्या भाकरी थापून घेते, पाणी आणते, लेकराला गुंडाळून बरोबर घेते. उजाडायच्या आत नवराबायको फडात असतात. तो तोडतो, ती पाचट काढते, वाढे बाजूला करते, मोळ्या बांधते, मग दोघे वाहतात. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. नवराबायको मिळून हिशेबात एक कोयता. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत दिवस आपला नसतो. एखाद्या दिवशी ताप आला, पोटात दुखले, बाळंतपण जवळ आले, तरी काम चुकले की खाडा पडतो. त्याचा दंड पाचशे रुपये किंवा त्याहून अधिक. एका माउलीने मला सांगितले, "दुखतंय तर दुखतंय, सर. पण खाडा पडला तर उचल फिटायची कवा?"

या एका प्रश्नात पुढची सगळी हकिगत आहे. फडावर संडास नाही, पुरेसे पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही ओझे तेच. जंतुसंसर्ग होतो, अंगावर काढला जातो, मग कर्करोगाची भीती दाखवली जाते आणि गर्भाशयच काढून टाकले जाते. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जे सर्वेक्षण आले त्यात जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये देशाचे प्रमाण सुमारे तीन टक्के होते. अंबाजोगाईत 1974 पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे आहे, तिथले डॉक्टर झटतात. पण ज्या शरीराला एक दिवस थांबण्याची मुभा नाही, त्याच्यावर औषधाने तरी किती काम करावे? आरोग्य दवाखान्यात सुरू होते असे आपण धरून चालतो. ते त्याच्या बरेच आधी, सुटीच्या दिवशी सुरू होते.

मग या लोकांना विसावा दिला तरी कुणी? प्रामाणिकपणे सांगायचे तर श्रद्धेने दिला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे तूप-हळदीने मळतात, त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण देतात, आणि दुसऱ्या दिवशी कितीही निकड असली तरी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. हा नियम कुठल्या कायद्याने घालून दिलेला नाही, तरी तो मोडायची कुणाची छाती होत नाही. आषाढी वारीच्या वाटेवर मुक्ताईची पालखी बीडला मुक्कामाला येते, शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईवरून जाते. वारीत त्याच बाया दिसतात ज्या हिवाळ्यात फडात होत्या. मैलोन्‌मैल चालतात, उन्हापावसात उघड्यावर निजतात, आणि तरी सांगतात की जिवाला विसावा मिळाला.

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. अंग थकते आणि तरी विसावा मिळतो, हे कसे? मला सापडलेले उत्तर असे : वारीत त्यांच्या पावलांचा हिशेब कुणी ठेवत नाही. मागे राहिलेल्या म्हातारीसाठी दिंडी थांबते. वाटेवरच्या गावात लोक पायांना तेल लावून देतात आणि कोण, कुठली, हे विचारत नाहीत. नाव नसले तरी मान मिळतो. फडात श्रमाचा मोबदला मिळतो, पण दिवस दुसऱ्याचा असतो. वारीत काही मिळत नाही, पण दिवस आपला असतो. विसावा म्हणजे नुसते निजणे नाही. आपल्या दिवसावर आपला अधिकार असणे हे त्याचे मूळ आहे.

पण श्रद्धेने दिलेला विसावा वर्षातून काही दिवसांचा. तो रोजच्या जगण्यात यायचा तर हक्क व्हावा लागतो, आणि हे काम महाराष्ट्रात एका माणसाने करून दाखवले आहे. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे (1848–1897) यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी ही मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून कामगारांना तो हवा, असे त्यांचे म्हणणे सांगितले जाते. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी ती मागणी मान्य केली. देवाचा वार कामगाराच्या हक्काचा वार झाला. कामगाराला जो रविवार मिळाला त्यामागे त्या सहा वर्षांचे झगडणे आहे.

त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. साखर कारखान्याच्या आतल्या कामगाराला साप्ताहिक सुटी आहे. कारखान्याला ऊस पुरवणाऱ्या कोयत्याला नाही, कारण त्याचा करार मुकादमाशी. सरकारने ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ केले, त्यांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली. ज्या भगवानबाबांनी या डोंगराळ भागाला शिक्षणाचा ध्यास लावला, त्यांच्या नावाला शोभेल असेच ते काम आहे. मुले गावात राहून शिकली तर पुढची पिढी फडावर जाणार नाही, ही आशा खरी आहे. पण आजच्या आईला आजच सुटी हवी आहे.

म्हणून माझे मागणे थोडे आहे. उचलीचा व्यवहार होताना कागदावर अंगठा घेतला जातो. त्या कागदावर तीन ओळी आल्या पाहिजेत : आठवड्याला एक दिवस सुटी, आजारपणात आणि पाळीच्या त्रासात खाडा नाही, बाळंतिणीला उचलीचा तगादा नाही. याचा भार कारखान्यांनी उचलावा, महामंडळाने त्यावर देखरेख ठेवावी. आणि साखर खाणाऱ्या आपण सर्वांनी आपापल्या भागातल्या कारखान्याच्या सभेत, आमदारापुढे, ग्रामसभेत हा विषय काढावा. बैलाच्या खांद्याला तूप लावणाऱ्या या जिल्ह्याने कोयता धरणाऱ्या बाईला आठवड्याचा एक दिवस द्यायलाच हवा.