सूत्र, शिखर आणि कलावंत

देवळाच्या सभामंडपात रांगोळीशेजारी संगणकाने काढलेले चित्र मांडावे काय? इंदूरच्या राजेंद्र नगरात बसून या प्रश्नाचा विचार करताना आमची दृष्टी प्रथम माळव्यातील एका शिखराकडे वळते. विदिशा जिल्ह्यातील उदयपूरचे उदयेश्वर मंदिर परमार राजा उदयादित्याने बांधविले, ते इ. स. १०८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या भूमिज शिखरावर चिमुकल्या शिखरांच्या ओळी वर निमुळत्या होत जातात. अंशात पूर्णाचेच रूप दिसते.

अशा आकृतींना गणितज्ञ बेन्वा मांडेलब्रॉट यांनी १९७५ मध्ये ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले. संगणकचित्रांत त्यांचे प्रकार अनेक. काहींत एकच सूत्र स्वतःच्याच उत्तरावर पुनःपुन्हा लाविले जाते. काहींत आकृतीच्या लहान प्रती तिच्यातच बसवून नेच्याचे पान साकारते. काहींत यदृच्छेची भर घालून डोंगर व मेघ उभे राहतात.

यात कलावंताचे काय, असा आक्षेप येतो. आकडेमोड यंत्राची, हे खरेच. परंतु पाथरवटाचा हातही शिल्पशास्त्राच्या प्रमाणांनी बांधलेला होता. म्हणून त्याचे कर्तृत्व आम्ही नाकारीत नाही. सूत्राला अंत नसतो. कोठे पाहावे, कोणता रंग द्यावा, कोठे थांबावे, हे माणूसच ठरवितो. शिखरावरील पुनरावृत्तीही अखेर कलशापाशी थांबते. त्या निवडीचे उत्तरदायित्व जो स्वीकारतो, त्याचे चित्र सभामंडपात खुशाल मांडावे. यंत्राने दिले ते न पाहताच जो पुढे करितो, त्याने मात्र देवापुढे काहीच वाहिलेले नसते.